पालिकेचा पैसा हरवण्याआधी काय थांबलेलं असतं?

खतावणी (धागाकर्ता)

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पैशांवर बोलणं निघालं की चर्चा दोनच टोकांना जाते. यंदाचं अंदाजपत्रक केवढ्याचं, आणि कोणी किती खाल्लं. माझं आयुष्य लेखा विभागात गेलं, त्यामुळे माझं लक्ष या दोन टोकांच्या मधल्या कामाकडे जातं. बँकेची जुळवणी दर महिन्याला होते का? चेक काढणारा आणि बँकेचं पत्रक तपासणारा माणूस एकच आहे का? गेल्या वर्षीच्या लेखापरीक्षणातल्या आक्षेपांचं अनुपालन, म्हणजे दाखवलेल्या चुकांची दुरुस्ती, झालं का, की तेच परिच्छेद यंदा पुन्हा छापलेत?

माझं ठाम मत असं आहे की पैसा नाहीसा होण्याच्या बरंच आधी ही रोजची कामं थांबलेली असतात. आणि ती थांबलीत हे बाहेरच्या माणसालाही कळू शकतं, फक्त काय मागायचं ते माहीत हवं.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात डिक्सन नावाचं गाव आहे. लोकसंख्या जेमतेम १६ हजार. तिथली हिशेबनीस रीटा क्रंडवेल हिने डिसेंबर १९९० मध्ये पालिकेच्या नावाशी मिळतंजुळतं नाव देऊन एक बँक खातं उघडलं. ते मलनिस्सारणाच्या राखीव निधीचं आहे असं नावावरून वाटावं अशी सोय होती. मग राज्य सरकारने पाठवल्यासारखी दिसणारी खोटी देयकं तयार करायची, पालिकेच्या भांडवली निधीतून 'ट्रेझरर' या नावाने चेक काढायचा आणि तो या खात्यात भरायचा. तिथून पैसा थेट तिच्या घोड्यांच्या व्यवसायात. २०१२ पर्यंत ५ कोटी ३७ लाख डॉलर गेले. एकट्या २००८ मध्ये ५८ लाख. त्याच काळात गावातल्या रस्त्यांची डागडुजी लांबणीवर पडत होती, विभागांना खर्च कमी करा म्हणून सांगितलं जात होतं, आणि विचारणाऱ्याला 'राज्याकडून पैसे यायला उशीर होतोय' हे उत्तर मिळत होतं.

लेखापरीक्षण दरवर्षी होत होतं बरं का. अहवालही येत होते.

उघडकीला कसं आलं? २०११ मध्ये क्रंडवेल बाई दीर्घ रजेवर गेल्या. त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या लिपिक बाईंनी बँकेकडून पालिकेच्या सगळ्या खात्यांची पत्रकं मागवली. त्यात कधी न ऐकलेलं एक खातं निघालं. त्यांनी महापौरांना दाखवलं, महापौरांनी तपास यंत्रणेला. एवढंच. बँकेकडून 'सगळ्या' खात्यांची यादी मागवणं, हे काम वीस वर्षांत दुसऱ्या कोणी केलं नव्हतं, कारण पत्रकं येत होती ती क्रंडवेलच्याच हातात. पुढे तिला १९ वर्षं ७ महिन्यांची शिक्षा झाली. पालिकेने लेखापरीक्षक आणि बँकेवर दावा लावून तडजोडीत सुमारे ४ कोटी डॉलर परत मिळवले.

या विषयावर इथे नीट बोलूया. ज्यांनी पालिका, पंचायत, जिल्हा पातळीवर काम केलंय त्यांनी जरूर लिहा, आणि ज्यांनी फक्त कर भरलाय त्यांनीही.

---

रानजाई

काका, उत्तम विषय. माझ्यासारख्या अकाउंट्सशी संबंध नसलेल्यांसाठी एक सांगाल का? जुळवणी म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? आणि ती न करता इतकी वर्षं कारभार चालतो कसा?

---

खतावणी

रानजाई, विचारलंत ते बरं झालं.

पालिकेची स्वतःची कॅशबुक असते. त्यात आज इतके जमा, इतके खर्च, शिल्लक इतकी असं लिहिलेलं असतं. बँकेकडेही त्याच खात्याचं पत्रक असतं. महिनाअखेरीला दोन्हींची शिल्लक कधीच सारखी नसते, आणि ते साहजिक आहे. आपण दिलेला चेक समोरच्याने अजून वटवलेला नसतो. कोणीतरी कर थेट खात्यात भरलेला असतो आणि तो आपल्या वहीत आलेला नसतो. बँकेने शुल्क कापलेलं असतं. हा प्रत्येक फरक एकेक करून लिहायचा, त्याच्यापुढे तारीख आणि चेक क्रमांक टाकायचा आणि शेवटी दोन्ही आकडे एकमेकांशी मिळवायचे. हे जुळवणी पत्रक.

आता खरी मेख. पहिल्या महिन्यात फरकाच्या नोंदी पाच-दहा असतात. दुपारभरात काम होतं. ते राहिलं की पुढच्या महिन्यात त्या वीस होतात. वर्षभर राहिलं की कोणालाच हात लावावासा वाटत नाही. तोवर लिपिकाची बदली झालेली असते, नवा माणूस म्हणतो 'हे माझ्या काळातलं नाही'. मग फरकाची रक्कम एकत्र करून 'तपासाधीन' म्हणून पुढे ओढली जाते. चोरी अजून झालेली नसते. पण आता झालीच तर ती कुठे दिसणार, ती जागाच बंद झालेली असते.

कारभार चालतो, कारण बँकेत पैसा असतो तोवर चेक वटतात. चेक वटतायत म्हणजे हिशेब बरोबर आहे असा समज होतो.

आणि फरकांच्या यादीत एक गोष्ट मी नेहमी आधी बघायचो. दिलेला पण बरेच महिने न वटलेला चेक. कंत्राटदार पैसे घ्यायला उशीर करत नाही. चेक पडून असेल तर तो मार्चअखेर निधी खर्ची दाखवण्यासाठी काढून कपाटात ठेवलेला असण्याची शक्यता मोठी.

---

नदीकाठ

धागा आवडला, पण मुख्य मुद्द्याशी असहमत. चोरीच्या गोष्टी वाचायला थरारक असतात. लोकांचं मोठं नुकसान मात्र चोरीने होत नाही. ते कायदेशीर, ठराव करून, सगळ्यांच्या सह्यांनी होतं.

कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) घ्या. ६ डिसेंबर १९९४ ला तिने दिवाळखोरी जाहीर केली. तोटा १६० कोटी डॉलरच्या आसपास. तिथले खजिनदार रॉबर्ट सिट्रन यांनी हा पैसा घरी नेला नव्हता. ते अल्पमुदतीची कर्जं काढून दीर्घ मुदतीच्या रोख्यांत गुंतवत होते. व्याजदर खाली होते तोवर परतावा झकास, आणि त्या परताव्यावर शाळा, पाणी, रस्ते सगळ्यांची खाती खूश. १९९४ मध्ये दर वाढले आणि सगळं उलटलं. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या उमेदवाराने हा धोका जाहीरपणे सांगितला होता. लोकांनी सिट्रन यांनाच निवडून दिलं. जुळवणी पत्रक कितीही चोख असतं तरी इथे काय उपयोग झाला असता?

इंग्लंडमधलं वोकिंग बघा. जेमतेम लाखभर वस्तीचं शहर. शहराच्या मध्यभागी उंच इमारती, हॉटेल वगैरे उभारायला परिषदेने, म्हणजे तिथल्या पालिकेने, सरकारी कर्ज काढत नेलं. जून २०२३ मध्ये हात वर केले तेव्हा कर्ज सुमारे १८० कोटी पौंड होतं, आणि वर्षाला मूळ सेवांसाठी हातात येणारा निधी दीड-पावणेदोन कोटी पौंडांच्या घरात. प्रत्येक कर्जाचा ठराव झालेला होता.

जपानमधलं युबारी मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. होक्काइदो बेटावरचं कोळशाचं गाव. १९६० च्या सुमारास तिथे १ लाख १६ हजारांवर लोक होते. खाणी बंद पडत गेल्या, शेवटची १९९० मध्ये. पालिकेने पर्यटनात पैसा घातला, कोळसा संग्रहालय, करमणूक केंद्र, स्की रिसॉर्ट. माणसं येईनात. तूट दाखवायची नव्हती म्हणून काय केलं, तर वर्षअखेरीला एका खात्यातून दुसऱ्या खात्याला तात्पुरतं कर्ज द्यायचं. जपानमध्ये आर्थिक वर्ष मार्चला संपलं तरी हिशेब मिटवायला एप्रिल-मे असे दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत नव्या वर्षाच्या पैशाने जुन्या वर्षाचं कर्ज फेडलेलं दाखवायचं. कागदावर दरवर्षी सगळं समतोल. २००६ मध्ये बिंग फुटलं, २००७ मध्ये शहर सरकारी देखरेखीखाली गेलं, तेव्हा लोकसंख्या १३ हजार उरली होती आणि फेडायचे होते ३,५३० कोटी येन, १८ वर्षांत. पगार कापले, शाळा एकत्र केल्या, पालिकेचं रुग्णालय छोटं केलं, पाण्याचे दर वाढवले. जे तरुण जाऊ शकत होते ते गेले. कर्ज उरलेल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर.

खतावणी काका, तुमचा लिपिक यातलं काय पकडणार?

---

खतावणी

नदीकाठ, तुमची तिन्ही उदाहरणं मान्य. पण युबारी माझ्या बाजूचं आहे, तुमच्या नाही.

आंतर-खाते उसनवारी ही हिशेबातच दिसते. मार्चला दिलं, मेमध्ये परत आलं, पुढच्या मार्चला पुन्हा दिलं. एका वर्षाचं पान पाहिलं तर निर्दोष. सलग तीन वर्षांची पानं शेजारी ठेवली की लपत नाही. नवशिक्यांना मी हेच सांगायचो की शिल्लक बघू नका, ३१ मार्चच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातल्या नोंदी बघा. बघायला कोणी बसलं नाही, कारण पालिकेच्या मुख्य खात्याचा ताळेबंद वेगळा, पर्यटनाचा वेगळा, रुग्णालयाचा वेगळा, आणि सगळे एकत्र करून कोणी मांडत नव्हतं.

जपानने त्यातून धडा घेतला. २००७ मध्येच नवा कायदा केला आणि चार गुणोत्तरं बंधनकारक केली. त्यातलं एक पालिकेची सगळी खाती एकत्र धरून तूट मोजतं, आणि एक भविष्यातला बोजा मोजतं, म्हणजे पालिकेच्या कंपन्यांची देणीसुद्धा. हे आकडे तपासनिसांकडून तपासून सभागृहापुढे ठेवायचे आणि लोकांसाठी जाहीर करायचे. ठरलेली रेषा ओलांडली की सुधारणेचा आराखडा करावाच लागतो.

१९७५ चं न्यूयॉर्क तर याच जातीचं. रोजच्या खर्चातला काही भाग भांडवली अंदाजपत्रकात टाकला जायचा, म्हणजे पगारासारख्या गोष्टींसाठी दीर्घ मुदतीचं कर्ज. न आलेला कर येणार धरून त्यावर अल्पमुदतीच्या नोटा (म्हणजे कर्जपत्रं) काढायच्या, त्या फेडायला पुन्हा नोटा. बँकांनी नोटा घेणं थांबवलं त्या दिवशी शहर अडकलं. शेवटी राज्याने कर्जासाठी वेगळं महामंडळ आणि खर्चावर नियंत्रण मंडळ बसवलं, आणि शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने रोखे घेतले तेव्हा कुठे दिवाळखोरी टळली.

सिट्रन यांच्याबाबत मात्र तुमचं खरं आहे. तिथला तोटा वहीतल्या चुकीने झाला नव्हता, प्रश्न विचारणारं सभागृह गप्प होतं. बाजारापेक्षा जास्त परतावा येतोय तो कुठली जोखीम घेऊन येतोय, हे विचारायला लेखापाल असण्याची गरज नाही.

---

कोरा_कागद

लेखापरीक्षण वेळेवर झालं तर ना! इंग्लंडमध्ये स्थानिक संस्थांचे लेखापरीक्षक नेमणारा आयोग होता, तो २०१५ मध्ये बंद केला आणि काम खासगी फर्मकडे गेलं. २०२२-२३ च्या हिशेबांचं ऑडिट ठरल्या मुदतीत झालेल्या संस्था किती, तर एक टक्का. शेवटी सरकारने कायद्याने अंतिम तारीख घातली आणि शेकडो हिशेबांवर लेखापरीक्षकांनी 'आम्ही मत देऊ शकत नाही' असं लिहून फाइल बंद केली.

---

उंबरठा

ऑडिट, गुणोत्तरं, आयोग... सगळं वरून खाली. लोक कुठे आहेत यात?

डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानात कोटकिराना इथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. रोजगाराच्या कामांचे हजेरीपट मोठ्याने वाचले. ज्याचं नाव वाचलं तो माणूस समोर बसलेला. 'तू या तलावाच्या कामावर होतास का?' 'नाही.' 'तुझ्या नावावर मजुरी उचललीय.' असं एकेक नाव. त्यातूनच पुढे माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली आणि २००५ चा कायदा आला. रोजगार हमीच्या कायद्यात सामाजिक लेखापरीक्षण आलं तेही या वाटेने. कुठल्याही लेखापरीक्षकाने हे केलं नव्हतं, कारण त्याच्यापुढे हजेरीपट होता, अंगठा होता, रक्कम जुळत होती. कागद पूर्ण होता.

ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून वस्त्यावस्त्यांत सभा घेऊन अंदाजपत्रकातली भांडवली कामं लोकांना ठरवायला दिली. गरीब वस्त्यांत गटारं आणि नळ पोचले ते त्यामुळे. मुळात पैसा ज्यांचा त्यांनी हिशेब घ्यावा, याला उत्तरदायित्व म्हणतात.

---

नदीकाठ

उंबरठा, भावना पटते. पण इंडोनेशियातला एक प्रयोग तुमच्या विरोधात जातो. सहाशेहून जास्त गावांत रस्ते बांधायचे होते. काही गावांना आधीच सांगितलं की तुमचं सरकारी ऑडिट नक्की होणार, एरवी ती शक्यता ४ टक्के होती. काही गावांत हिशेबाच्या सभेची निमंत्रणं घरोघर वाटली. नंतर अभियंत्यांनी रस्ते खणून नमुने काढले आणि प्रत्यक्ष किती खडी, किती वाळू पडली ते मोजून दाखवलेल्या खर्चाशी ताडून पाहिलं. ऑडिटच्या गावांत हरवलेला, म्हणजे दाखवलेला पण रस्त्यात न सापडलेला, खर्च एकूण खर्चाच्या ८ टक्क्यांइतका कमी झाला. सभांचा एकंदरीत परिणाम फारच थोडा.

---

उंबरठा

तो अभ्यास मीही वाचलाय, आणि तुम्ही अर्धाच सांगितलात. सभांमुळे मजुरीतली चोरी कमी झाली होती. कमी झाली नाही ती साहित्यातली.

याचा अर्थ साधा आहे. मला किती दिवसांची मजुरी मिळाली हे मला माहीत असतं, माझ्या शेजारणीलाही. मोठ्याने वाचलं की खोटं तिथल्या तिथे पकडलं जातं. रस्त्याच्या पोटात खडीचा थर किती जाडीचा आहे हे मला कसं कळणार? त्याला खणावंच लागतं, आणि खणणारा माणूस त्यातला जाणकार लागतो. म्हणजे कुठलं काम सभेपुढे न्यायचं आणि कुठलं अभियंत्यापुढे, हे त्या खर्चाच्या स्वरूपावरून ठरवायला हवं. हजेरीपट, लाभार्थ्यांची यादी, औषधांचा साठा, शाळेला आलेलं अनुदान हे सगळं लोक तपासू शकतात.

युगांडात १९९० च्या दशकात एक पाहणी झाली. केंद्राकडून जिल्ह्यांमार्फत शाळांसाठी निघालेल्या अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळेत पोचत होते. मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळांच्या दारावर लावायला लावलं. पुढच्या काही वर्षांत पोचण्याचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. त्याचं श्रेय एकट्या वर्तमानपत्रांचं नाही, बाकी सुधारणाही चालू होत्या. पण मुख्याध्यापकाला आकडा कळला तेव्हाच तो विचारायला जाऊ शकला.

---

खतावणी

उंबरठा, वाह. इतकी वर्षं लेखापरीक्षण अहवाल वाचताना जी गोष्ट नुसती जाणवायची ती तुम्ही मांडलीत. अहवालात मजुरीवरचे आक्षेप हमखास कागदी असतात. 'पृष्ठ १४ वर अंगठा नाही', 'तारखेत खाडाखोड'. ज्याने काम केलं त्याला विचारायला कोणी गेलेलंच नसतं.

ब्राझीलची यात आणखी एक भर. २००३ पासून तिथल्या केंद्रीय नियंत्रक कार्यालयाने जाहीर सोडत काढून पालिका निवडायला सुरुवात केली. ज्यांचं नाव निघेल तिथे तपासणी पथक, आणि अहवाल सर्वांसाठी खुला. संशोधकांना असं आढळलं की २००४ च्या निवडणुकीआधी ज्या गावांचे अहवाल बाहेर आले तिथे भ्रष्ट ठरलेले महापौर पुन्हा निवडून येण्याचं प्रमाण घटलं, आणि जिथे स्थानिक रेडिओ केंद्र होतं तिथे जास्त घटलं. अहवाल तोच. पण एका ठिकाणी तो कानावर पडला, दुसऱ्या ठिकाणी नाही.

---

शाईपेन

मी अजून नोकरीत आहे, म्हणून फार खोलात जात नाही. पण दुसरी बाजू कोणी मांडत नाहीये.

आमच्याकडे लेखापरीक्षणाचा धसका असा आहे की हुशार अधिकारी निर्णयच घेत नाहीत. पंप बंद पडला. तीन दरपत्रकं मागवून, तुलनात्मक तक्ता करून, मंजुरी घेऊन दुरुस्ती करायची तर आठवडा जातो, आणि तोवर वस्तीला पाणी नाही. मी सही करून लगेच दुरुस्त करून घेतला. आक्षेप आला, 'विहित कार्यपद्धती अवलंबिली नाही, रक्कम वसूलपात्र'. त्याच अहवालात एका मोठ्या कामाचे दर बाजारापेक्षा कितीतरी जास्त होते. त्यावर एक ओळ नव्हती, कारण तिथे तीन दरपत्रकं होती. तिन्ही एकाच हस्ताक्षरात असावीत असा मला दाट संशय आहे, पण होती.

दोन्ही परिच्छेदांना अहवालात सारखीच जागा. मग माणूस काय शिकतो? काम न करणाऱ्यावर आक्षेप निघत नाही.

---

रानजाई

शाईपेन, +१. हे वाचून वाईट वाटलं.

---

खतावणी

शाईपेन, तुमची तक्रार रास्त आहे, आणि माझ्याच खात्यावर आहे.

लहान आक्षेप काढणं सोपं पडतं. टेबलावर बसून, फाइल उलटून निघतो. दर जास्त होता हे सिद्ध करायला बाजारात जावं लागतं, इतर संस्थांचे दर मागवावे लागतात, कोणाशी तरी वाकडं घ्यावं लागतं. परिच्छेदांची संख्या भरायची असेल तर पहिलाच मार्ग सोयीचा. तातडीच्या खर्चासाठी मर्यादा ठरवून द्यावी आणि खर्चानंतर पंधरा दिवसांत सभागृहापुढे कारणांसह ठेवायची अट असावी. त्याने पंपही चालेल आणि हिशेबही राहील.

गंभीर आणि किरकोळ वेगळं काढण्याचा एक चांगला मार्ग दक्षिण आफ्रिकेत आहे. तिथल्या महालेखापरीक्षकांना कायदा दुरुस्त करून २०१९ पासून नवे अधिकार मिळाले. ज्या अनियमिततेमुळे मोठं आर्थिक नुकसान किंवा लोकांचं नुकसान झालं किंवा होऊ शकतं, तीच या कक्षेत येते. आधी अधिकाऱ्याला कळवायचं, सुधारायला संधी द्यायची. नाही सुधारलं तर बंधनकारक आदेश, आणि तरीही नाही तर नुकसानीची रक्कम त्याच्यावर वैयक्तिक ऋण म्हणून लावता येते. लगेच सगळं सुधारलं असं नाही. २०२२-२३ मध्ये २५७ पैकी ३४ पालिकांनाच निर्वेध, म्हणजे आक्षेप नसलेला, अहवाल मिळाला. पण अनेक ठिकाणी नुसतं 'लक्षात आलंय' असं पत्र गेल्यावर पैसे वसूल झाले, थांबलेली दुरुस्ती झाली. कारण त्यात पुढची पायरी काय हे लिहिलेलं असतं. आपल्या सवयीच्या आक्षेपात पुढची पायरी म्हणजे पुढच्या वर्षीचा आक्षेप.

---

पाणंद

उशिरा आलो. चोरी आणि कर्जावर सगळे बोलले, पण मला वाटतं सगळ्यात मोठी लपलेली तूट जमिनीखाली असते. जलवाहिनी टाकली त्या वर्षी खर्च दाखवला, विषय संपला. तिची झीज दरवर्षी होते, पण रोखीच्या हिशेबात झिजेला जागाच नाही. त्यामुळे दुरुस्ती न करणारी पालिका शिलकीत दिसते आणि वेळेवर दुरुस्ती करणारी तोट्यात. सभागृहात टाळ्या पहिलीला.

न्यूझीलंडमध्ये रोजच्या खर्चाइतकं उत्पन्न उभं करायचं बंधन कायद्यात आहे आणि त्या खर्चात घसारा, म्हणजे वर्षभराच्या झिजेची किंमत, धरावा लागतो. २०१४ पासून किमान ३० वर्षांचा पायाभूत सुविधांचा आराखडाही करावा लागतो. कुठली पाइप कधी संपणार, बदलायला किती लागणार, पैसे कुठून आणणार. तीस वर्षांनी आपण कोणीच खुर्चीत नसणार हे माहीत असूनही ते लिहून ठेवावं लागतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

---

नदीकाठ

पाणंद, अगदी. आणि घसारा दाखवला की करवाढ मागावी लागते, म्हणून कोणालाच तो दाखवायचा नसतो. कुठल्याच पक्षाला.

काका, एक व्यावहारिक प्रश्न. समजा उद्या माझ्यासारखा माणूस पालिकेत गेला आणि एकच कागद मागायची मुभा आहे. तर कुठला?

---

रानजाई

मलाही हेच विचारायचं होतं. अंदाजपत्रकाचं पुस्तक मी एकदा उघडलं होतं. दोनशे पानं, प्रत्येक पानावर तरतूद, सुधारित तरतूद, प्रस्तावित. काहीच हाती लागलं नाही.

---

खतावणी

अंदाजपत्रक मागू नका. तो इच्छांचा कागद आहे. मूळ तरतूद आणि वर्षअखेरचा प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी असलेला तक्ता मिळाला तर तो घ्या. जिथे दरवर्षी उत्पन्न फुगवून धरलंय आणि दरवर्षी ते येत नाही, तिथे कंत्राटदारांची देणी साचलेली असणार, कारण फुगवलेल्या उत्पन्नाच्या भरवशावर कामं मंजूर झालेली असतात. कॅलिफोर्नियातल्या बेल या छोट्या शहरात तर पगारांचा साधा तक्ता पुरला. २०१० मध्ये पत्रकारांनी तो बाहेर काढला तेव्हा ३६ हजार वस्तीच्या गावाचा प्रशासक वर्षाला ७ लाख ८७ हजार डॉलर घेत होता. त्यानंतर राज्याने सगळ्या पालिकांचे पगार संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली.

पण एकच कागद म्हणालात, तर मी उचंत खात्याची तपशीलवार यादी मागेन.

उचंत म्हणजे ज्या रकमेचं शीर्ष (हिशेबातली नेमकी जागा) ठरलेलं नाही ती तात्पुरती ठेवायची जागा. कोणी पैसे भरले पण कशाचे ते कळलं नाही, उचंत. कर्मचाऱ्याला कामासाठी उचल दिली, हिशेब आला नाही, तीही बऱ्याच ठिकाणी इथेच पडून असते. प्रत्येक संस्थेत हे खातं असतं आणि असण्यात गैर काही नाही. बघायचं ते असं की प्रत्येक रकमेपुढे नाव आहे का, तारीख आहे का, आणि सगळ्यात जुनी तारीख कोणती. तीन महिन्यांच्या आतल्या नोंदी असतील तर त्या लेखा विभागात माणसं जागी आहेत. नोंदी पाच वर्षं जुन्या असतील, दहा वर्षं जुन्या असतील, तर कोणाचे पैसे कोणाकडे आहेत हे त्या संस्थेला माहीत नाही, मग वरचा ताळेबंद कितीही सुबक छापलेला असो.

आणि 'यादी उपलब्ध नाही, एकूण रक्कम एवढी आहे' असं लेखी उत्तर आलं, तर ते पत्र जपून ठेवा आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवायला तुमच्या नगरसेवकांना द्या.

---

शाईपेन

काका, यात एक जोडतो. ठेवींची नोंदवहीसुद्धा मागा. कंत्राटदारांची अनामत, सुरक्षा ठेव. ती रक्कम संस्थेची नसते, काम नीट झालं की परत द्यायची असते. हातात पैसा कमी पडला की पहिला हात तिथेच जातो. नोंदवहीतली एकूण ठेव आणि बँकेतल्या ठेव खात्याची त्याच दिवसाची शिल्लक, दोन आकडे मागायचे. आमच्याकडे मी गेल्या वर्षापासून ते दोन्ही आकडे मासिक पत्रकात पहिल्या ओळीत टाकतोय. सुरुवातीला विचारलं गेलं की हे कोणी मागितलंय. आता सभेत सदस्य स्वतःहून ती ओळ वाचतात.

---

रानजाई

शाईपेन, तुम्ही ते पत्रक ज्या नमुन्यात करता तो, संस्थेचं नाव आणि आकडे काढून, इथे टाकता येईल का? आमच्या भागातल्या दोन सदस्यांना मी दाखवू शकते.

---

शाईपेन

हो. रविवारी टाकतो. चार रकाने आहेत, एका पानात बसतं.